हाताखालचं माणूस

कोल्हापुरात फिजिओथेरपीचा दवाखाना चालवणाऱ्या बाईला एक वाक्य रोज ऐकावं लागतं : ‘मॅडम, जरा दाबून करा की!’ कंबर धरलेले गुरुजी म्हणतात, गुडघ्याला पट्टा बांधून आलेली आजी म्हणते, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून मान आखडलेली पंचविशीतली मुलगीही म्हणते. मालीश म्हणजे जोर, हे आमच्या गावात इतकं मुरलेलं आहे की हात हलका लागला तर लोकांना पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं तरच मालीश ‘लागू पडली’, असं मानणारे कितीतरी जण मला भेटले आहेत.

याचं मूळ तालमीत आहे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावं इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतात. शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या आणि १९१२ साली पुऱ्या झालेल्या खासबाग मैदानावरून आमची रोजची ये-जा. मेहनत झाली की धाकट्या पैलवानाने थोरल्याच्या अंगावर तेल घालायचं, मांड्या-पोटऱ्या, पाठ-खांदे तळहाताने आणि कोपराने रगडायचे, ही तालमीतली शिस्त. जोर-बैठकांनी तयार झालेल्या त्या अंगाला तो जोर सोसतो, लागतोही. पण तेच डोक्यात घेऊन घरातला कर्ता मुलगा सत्तरीच्या आईला आणतो आणि ‘चांगली रगडून काढा’ म्हणतो, तेव्हा मला आधी त्याला खुर्चीवर बसवून समजवावं लागतं. पाळी जाऊन वीस-पंचवीस वर्षं झालेल्या बाईची हाडं आतून विरळ झालेली असू शकतात. तिच्या बरगड्यांवर आणि मणक्यांवर पैलवानी हात पडला तर हाड मोडायला वेळ लागत नाही.

कॉलेजात पहिल्याच वर्षी आम्हाला मालीश शिकवली. एकमेकींच्या पाठीवर टाल्कम पावडर टाकून सराव करायचा आणि हातांच्या हालचालींची फ्रेंच नावं पाठ करायची : एफ्लुराज, पेट्रिसाज, टॅपोटमाँ. एकोणिसाव्या शतकातल्या ॲमस्टरडॅमच्या योहान मेझगर या डॉक्टरांच्या पद्धतीबरोबर ही नावं रूढ झाली, असं शिकवलं जातं. सुट्टीत घरी गेले की आजी चुलतवहिनीच्या बाळाला पायांवर घेऊन तेच करताना दिसायची : लांब हाताने चोळणं, मळणं, थापटणं. तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सराईत होता, आणि बाळाच्या चेहऱ्यावरची तिची नजर क्षणभरही ढळायची नाही. ती नजर कुठल्या पुस्तकात नव्हती.

मग नोकरी लागली आणि मालीश मागे पडली. तो मोठा दवाखाना होता. चार खाटा ओळीने मांडलेल्या, पडदे ओढलेले, प्रत्येक खाटेशी एक यंत्र. कुणाला आयएफटीचे, म्हणजे सौम्य विद्युतप्रवाहाचे, पॅड लावायचे, कुणाला अल्ट्रासाउंड, कुणाला शेक. पंधरा मिनिटांनी घंटी वाजली की काढायचे, पुढच्याला लावायचे. यंत्रांवर एका वेळी चार माणसं होतात आणि हात एका वेळी एकाच माणसावर ठेवता येतो, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. मला यंत्रांचा राग नाही. काही दुखण्यांत त्यांनी आराम पडतो, आजही मी ती वापरते. पण त्या पडद्यांआड माणसं मुकाट्याने पडून असायची, आणि त्यांचं अंग कसं आहे हे आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं. स्वतःचा दवाखाना काढला तेव्हा मी ठरवलं, यंत्र लावायचं असलं तरी आधी हात लावायचा.

हाताला जे कळतं ते एक्स-रेत दिसत नाही. एक पोटरी दुसरीपेक्षा गरम आहे. कमरेच्या एका बाजूचा स्नायू दोरीसारखा ताणलेला आहे आणि दुसऱ्या बाजूचा मऊ. माणूस तोंडाने ‘काही नाही हो, थोडं दुखतंय’ म्हणतो, पण मानेला बोट लागताच त्याचा खांदा कानाकडे उचलला जातो. काही जण श्वास धरून ठेवतात आणि त्यांना ते माहीतही नसतं. अशा माणसाला जोराने दाबलं की त्याचे स्नायू आणखी घट्ट होतात, कारण शरीर स्वतःला सांभाळत असतं. पहिली काही मिनिटं नुसता हात ठेवायचा, मग हळूहळू लांब फिरवायचा. श्वास सुटला, पोट वर-खाली व्हायला लागलं, की मग बोटांनी आत शिरायचं. भाकरीचं पीठ मळताना बाई जशी हाताखालच्या गोळ्यावरून पाणी आणि जोर ठरवते, तसं हे आहे. आधी ठरवून आणलेला जोर इथे चालत नाही.

हे फक्त माझ्या अनुभवाचं बोलणं नाही. लागल्यावर आपण ती जागा चोळतो आणि जरा बरं वाटतं, त्याचा एक शास्त्रीय अर्थ रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली मांडला. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश नेणारे तंतू जाड आणि वेगवान असतात. त्यांची वर्दळ वाढली की पाठीच्या कण्यातूनच वेदनेच्या संदेशांची वाट काही प्रमाणात अडवली जाते. पुढे त्या मांडणीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकली. त्याहून मला मोलाचं वाटतं ते स्वीडनमधल्या संशोधकांचं काम. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे हात, पाठ, मांड्या इथे, काही अतिशय सावकाश चालणारे स्पर्शतंतू आहेत. त्वचेवरून सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर वेगाने हात फिरला तर ते सर्वांत जास्त जागे होतात, आणि त्याच वेगाचा स्पर्श माणसांना सर्वांत सुखाचा वाटतो. त्यांचे संदेश मेंदूच्या ज्या भागांकडे जातात ते भावनांशी जोडलेले आहेत. ‘कुठे हात लागला’ यापेक्षा ‘कसा लागला’ हे कळवणं त्यांचं काम. आई झोपेत असलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग साधारण हाच असतो. तो तिला कुणी शिकवलेला नसतो.

अर्थात नुसता फुंकरीसारखा हातही उपयोगाचा नाही, त्याने गुदगुल्या होतात आणि अंग आक्रसतं. दाब हवाच. तो माणूस बघून, जागा बघून, त्या दिवसाची त्याची स्थिती बघून ठरतो.

पैलवान पोरं माझ्याकडे येतात ती खांदा किंवा गुडघा दुखावला म्हणून. त्यांच्या वस्तादांपासून सगळ्यांचा ठाम समज असतो की मेहनतीनंतर अंगात ‘ॲसिड’ साठतं आणि मालीश ते बाहेर काढते. मी त्यांना कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१२ सालचा प्रयोग सांगते. अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली, मग एका मांडीला दहा मिनिटं मालीश केली आणि दुसरीला नाही. दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. लॅक्टिक ॲसिडमध्ये काही फरक नव्हता. पण मालीश केलेल्या मांडीत दाहाचे संकेत कमी होते आणि पेशींमधली ऊर्जाकेंद्रं वाढण्याचे संकेत जास्त होते. म्हणजे तालमीतली रीत योग्य, तिचं सांगितलं जाणारं कारण तेवढं चुकीचं. हे ऐकून एक पोरगा म्हणाला, ‘मग वस्तादास्नी सांगू नगा मॅडम, कारण काय बी असू दे, मालीश चालू राहू दे.’ त्याचं म्हणणं मला पटलं, पण कारण समजलं की दहा मिनिटांची मालीश पुरते आणि तासभर कोपर मारायची गरज नसते, हेही समजतं. त्या अकरा जणांवरून सगळ्या जगाचा निकाल लागत नाही, हेही मी सांगते.

कंबरदुखीचं तसंच. ‘उसण भरली’ म्हणून येणारे अजूनही आधी पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घेऊन येतात. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते, म्हणून लाथेला यश मिळतं. जुनाट कंबरदुखीवर मालिशीचा काय उपयोग होतो, याचा अमेरिकेत सिॲटल शहरात मोठा अभ्यास झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. चारशे एक माणसं होती. काहींना दुखणारे स्नायू नेमके शोधून मालीश, काहींना नुसती अंग सैल करणारी मालीश, काहींना नेहमीचेच उपचार. आठवड्यातून एकदा, दहा आठवडे. मालीश घेतलेल्यांची हालचाल नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगली सुधारली, निदान सहा महिने फायदा टिकला, वर्षभराने तो जवळजवळ ओसरला. आणि दोन प्रकारच्या मालिशींत म्हणावा असा फरक पडला नाही! मी स्वतः नेमका स्नायू शोधण्यात बरीच वर्षं घालवली आहेत, तरी हा निष्कर्ष मला मान्य आहे. सैल झालेलं अंग हाच अर्धा उपचार असतो. उरलेला अर्धा व्यायाम, आणि तो माणसाने स्वतः करायचा. वर्षभराने फायदा का ओसरतो, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे.

इचलकरंजीच्या एक काकू यायच्या. मुलाचा यंत्रमागाचा कारखाना, घर भरलेलं. यजमान गेल्याला वर्ष होत आलं होतं. गुडघे दुखतात ही तक्रार. पण एक्स-रेत जेवढी झीज दिसत होती त्यापेक्षा त्यांचं दुखणं फार मोठं होतं. रात्री झोप नाही, जिना चढायचा नाही, देवळात जाणं बंद, व्यायामाचा कागद मी दिला की ‘करते’ म्हणायच्या आणि घडी घालून पिशवीत ठेवायच्या. मांडीचा पुढचा स्नायू सुकत चालला होता. त्यांना व्यायामाचं महत्त्व पटवण्यात अर्थ नव्हता, त्या माझं ऐकतच नव्हत्या. ऐकायला लागतं ते मन जागेवर नव्हतं. म्हणून मी कागद बाजूला ठेवला. कोमट तेलाने आधी पावलं, मग पोटऱ्या, मग गुडघ्याच्या भोवती, मांडी, आणि शेवटी मान. मी काही विचारत नव्हते. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, ‘घरात सगळी हायत बाळ. गोळी घेतली का इचारत्यात. पण हात लागत न्हाई कुणाचा.’ आणि मग बराच वेळ रडल्या. मी हात थांबवला नाही, फक्त दाब कमी केला.

त्यानंतर त्या दर आठवड्याला यायच्या. झोप सुधारली, आणि ती सुधारल्यावर दुखणं सोसवायला लागलं. मग एक दिवस त्यांनीच विचारलं, ‘तो कागद काय व्हता?’ खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा व्यायाम सुरू झाला. गुडघ्याला जो काही आराम पडला तो मांडीच्या स्नायूत ताकद आल्याने पडला, मालिशीने कूर्चा परत येत नाही. पण मालीश झाली नसती तर व्यायामही झाला नसता, हे मी शपथेवर सांगू शकते.

मनावरच्या परिणामाचा मुद्दा अनेक डॉक्टर अजून हसण्यावारी नेतात. २००४ साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकात ३७ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आला होता. एकदाच मालीश घेतली तर त्या वेळची धास्ती कमी होते. पण ती काही आठवडे नेमाने घेतली तर मुळातला चिंताग्रस्तपणा आणि उदासपणा उतरतो, आणि हा उतार मानसोपचाराने पडणाऱ्या उताराच्या जवळ जाणारा आहे. म्हणून मालिशीने नैराश्याच्या गोळ्या बंद करा, असं मी कुणाला सांगत नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. पण रक्तदाब मोजून, साखर मोजून झाल्यावर माणसाच्या खांद्यावर हात ठेवायला डॉक्टरांना वेळ नसतो, त्या उणिवेकडे कुणीतरी बघितलं पाहिजे. ते काम आमचं आहे.

बाळ-बाळंतिणीच्या मालिशीबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण तिथे आपल्याकडे उत्तम परंपरा आणि घातक सवयी एकाच पाटावर बसलेल्या असतात. मायामी विद्यापीठाच्या टिफनी फिल्ड यांनी १९८६ साली दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटं, दहा दिवस या बाळांना मध्यम दाबाने मालीश केली आणि हातपाय हळुवार हलवले. मालीश झालेल्या बाळांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं, दूध मात्र दोन्ही गटांनी सारखंच घेतलं होतं. आणि ती बाळं सहा दिवस आधी घरी गेली. पाश्चात्त्य दवाखान्यांत तोपर्यंत अशा बाळांना शक्यतो हात न लावण्याचीच रीत होती. आपल्या आज्यांना हे सांगितलं असतं तर त्यांना नवल वाटलं नसतं.

पण त्याच आजीच्या पिढीतली मालीशवाली बाई बाळाचं नाक सरळ व्हावं म्हणून ओढते, डोक्याला गोल आकार यावा म्हणून दाबते, कानात-नाकात तेलाचे थेंब सोडते, छातीच्या गाठी ‘दूध काढायचं’ म्हणून पिळते. नाकात गेलेलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. पिळलेल्या छातीत पू होऊ शकतो. मुळात छातीची ती सूज आईच्या शरीरातून आलेल्या संप्रेरकांमुळे असते, आपोआप जाते. तेलाचंही तसंच. उत्तरेत मोहरीचं तेल फार वापरतात, पण ते नवजात त्वचेचं आवरण बिघडवू शकतं असं दिसून आलं आहे. उलट बांगलादेशातल्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर त्यांना दवाखान्यात होणारे जंतुसंसर्ग कमी झाले, असा अभ्यास २००५ साली आला. आपल्याकडचं साधं खोबरेल चांगलं आहे. बाळाच्या रडण्याकडे बघायचं. मालीश करताना बाळ रडून रडून लाल होतं आणि मग थकून झोपतं, तेव्हा ‘बघा, कशी छान झोप लागली’ म्हणणं मला सहन होत नाही. ती झोप थकव्याची असते.

बाळंतिणीला शेक-मालीश करणारी बाई ही एके काळी घरातली एकमेव अशी व्यक्ती होती जी आईकडे बघायला यायची, बाळाकडे नव्हे. सगळे पाहुणे बाळाभोवती. ही बाई आधी विचारायची, ‘झोप झाली का तुझी? अंगावरून किती जातंय?’ कंबर, मांड्या, पाठीला तेल लागलं की पोरगी बोलती व्हायची. मी बाळंतिणींना मालीश करते तेव्हा हेच विचारते. एकीला मुलगी झाल्यापासून रोज रडू येत होतं आणि बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नव्हतं. ते तिने फक्त पाठ माझ्याकडे असताना सांगितलं, तोंडासमोर सांगितलं नसतं. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, सासूबाईंना बाजूला घेऊन बोलले, आणि मालीशही चालू ठेवली. सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाला जखम नीट भरेपर्यंत हात लावायचा नाही, एवढं पथ्य पाळलं की बाकी मालीश तिला देता येते.

आणि कधी अजिबात करायची नाही, हे कळणं ही या कामातली खरी विद्या. एक तरुण आई आली, बाळंत होऊन तीन आठवडे झालेले. डावी पोटरी दुखते, घरची बाई रोज रगडून काढतेय पण दुखणं वाढतंय. मी दोन्ही पोटऱ्यांवर हात ठेवला. डावी गरम, फुगलेली, तकतकीत. मी मालीश करायला नकार दिला आणि त्याच दुपारी शिरांची डॉपलर तपासणी करायला पाठवलं. शिरेत रक्ताची गुठळी होती. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा फार दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर असा धोका वाढलेला असतो, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. तिची आई माझ्यावर नाराज झाली होती, ‘एवढ्या लांबून आलो आणि तेल पण लावलं नाही.’ रिपोर्ट आल्यावर तिचा फोन आला. ताप, त्वचेवर जखम किंवा संसर्ग, नुकतं मोडलेलं हाड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, प्लेटलेट कमी असणं, अशा वेळी आधी डॉक्टर, मग तेल. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष करावा असं सांगितलं आहे, आणि लागलीच कफाने ग्रासलेल्याने, पंचकर्मासारखं शोधन झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने करू नये असंही सांगितलं आहे. दिवाळीच्या पहाटे उटणं लावताना आपल्याला पहिला भाग आठवतो. दुसराही त्यांनी तितक्याच गंभीरपणे लिहिला आहे.

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या एक शिक्षिका हात सुजला म्हणून आल्या. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या की लसिकेचा निचरा अडू शकतो आणि हात जड होऊ शकतो. अशा हाताला करायची मालीश इतकी हलकी असते की त्वचा जेमतेम सरकते. डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड वोडर या पती-पत्नींनी १९३०च्या दशकात ती विकसित केली. बाईंनी तिसऱ्या दिवशी न राहवून म्हटलं, ‘मॅडम, तुम्ही नुसता हात फिरवताय.’ मी त्यांना समजावलं की लसिकावाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असतात, जोराने दाबलं तर त्या मिटतात. सूज उतरवण्याचं मोठं काम हातावर बांधायच्या पट्टीचं आणि व्यायामाचं असतं. पण शस्त्रक्रियेनंतर त्यांनी स्वतःच तो हात पदराखाली लपवायला सुरुवात केली होती. कुणीतरी तो रोज न किळसता हातात घेतंय, याने त्यांना तो हात पुन्हा आपला वाटायला लागला. हे त्यांचे शब्द आहेत.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि माझे हात बंद झाले. व्हिडिओवर व्यायाम सांगायचे, लोक करायचेही. पण एकटी राहणारी म्हातारी माणसं फोनवर दुखण्याचं निमित्त काढून बोलत राहायची. पुन्हा दवाखाना उघडला तेव्हा मास्क, हातमोजे, सगळं असूनही त्यांच्यातल्या काहींनी माझे हात धरून ठेवले. स्पर्शाची उपासमार म्हणजे काय ते मी त्या वर्षी पाहिलं.

दोन गोष्टी मनाला लागतात. बोर्डावर ‘मसाज’ लिहिलं की नको ते फोन येतात; माझ्या हाताखालच्या मुलींना ते घ्यावे लागतात. ज्या कामात दुसऱ्याचं दुखणं अंगावर घ्यावं लागतं त्याला हा डाग लागलेला मला सहन होत नाही. आणि दुसरं, ज्यांना मालिशीची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना ती परवडत नाही. ऊसतोडीला आलेल्या बायकांच्या माना मोळ्या वाहून दगडासारख्या झालेल्या असतात, मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसांच्या पोटऱ्यांत गोळे येतात. त्यांना आठवड्याला तास-तास मालीश कोण देणार? म्हणून गळिताच्या हंगामात मी बायकांना एकमेकींच्या मानेला आणि पायांना हात कसा लावायचा ते शिकवते. त्या फार लवकर शिकतात. एकमेकींना ‘दाबून कर गं’ म्हणतात, मी म्हणते, ‘सावकाश कर.’

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरात म्हातारं माणूस असेल तर आज रात्री झोपण्याआधी त्यांच्या पायांना तेल लावा. कोमट खोबरेल किंवा तिळाचं चालेल. घोट्यापासून गुडघ्याकडे, सावकाश, दहा मिनिटं पुरतात. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा सुजलेला वाटला तर चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. टाचांच्या भेगा बघा, बोटांच्या बेचक्यांत जखम आहे का बघा. मधुमेह असेल तर जखम झाली तरी त्यांना ती कळेलच असं नाही. बेचक्यांत तेल ठेवू नका. आणि तळवे कोरड्या फडक्याने नीट पुसल्याशिवाय त्यांना फरशीवर उभं राहू देऊ नका.